सूर्य उत्तरेला, आम्ही दक्षिणेला

“संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो, आणि तुम्ही दोघं दक्षिणेकडे निघालात?” वाईहून सासूबाईंनी फोनवर विचारलं. त्या ८६ वर्षांच्या आहेत. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपायचंसुद्धा नाही, हे त्या घरात सगळ्यांना पाठ. आम्ही तर अख्खी गाडी तिकडे तोंड करून उभी केली होती. मिशिगन ते फ्लोरिडा, साधारण अकराशे मैल.

नवऱ्याने समजूत घालायला सुरुवात केली. “आई, खरं उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच लागतं. संक्रांत पुढे सरकत सरकत आता १४ जानेवारीवर आलीय.”

“म्हणजे तुम्हाला निघायलाही उशीरच झाला म्हणायचा,” आई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

उशीर झाला होता हे मात्र खरं. तीन आठवड्यांचा नव्हे, चांगला दहा वर्षांचा.

मला रेनोचा त्रास आहे. गारठा लागला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून बसतात. आधी बोट पांढरं पडतं, मेणबत्तीसारखं, आणि पांढरं कुठे संपलं ते पेरावर रेघ मारल्यासारखं दिसतं. मग ते निळं होतं. ऊब मिळाली की लाल होऊन ठणकायला लागतं. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हे लिहून ठेवलं, म्हणून त्याचं नाव. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. पोरांना बोट दाखवून घाबरवायचे. पण गेल्या दोन हिवाळ्यांत गाडीचं दार उघडताना, दुकानात फ्रीझरमधून मटारची पिशवी काढताना, अगदी टपालपेटीपर्यंत जाऊन येतानासुद्धा बोटं जायला लागली. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैलावायची गोळी दिली, आणि दारापर्यंत सोडायला येताना म्हणाल्या, “खरं औषध फ्लोरिडात मिळतं.”

मी हे हसत हसत घरी सांगितलं. नवरा हसला नाही.

त्याला थंडी आवडते. म्हणजे सहन होते असं नाही, आवडते. वाईच्या घाटावर पोहायला शिकलेल्या या माणसाने पहिला बर्फ पाहिला तो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेट्रॉईटजवळच्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, आणि त्यातून तो अजून बाहेर आलेला नाही. रात्री बर्फ पडणार असला की त्याला झोप लागत नाही. पहाटे साडेपाचला स्नोब्लोअर सुरू. आपला ड्राइव्हवे झाला की शेजारच्यांचा, तो झाला की समोरच्या आजींचा. आत येतो तेव्हा मिशांवर दहिवर गोठलेलं असतं आणि चेहरा आत्ताच लग्न ठरल्यासारखा. अशा माणसाला ‘चला, थंडीपासून पळू या’ म्हणायचं म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसाळ्यापुरतं राजस्थानात चल म्हणण्यासारखं.

आमच्यात तापमानाचं एक जुनं भांडण आहे. मी ब्लड बँकेत पंचवीस वर्षं काढली. तिथे सगळं सेल्सियसमध्ये. लाल पेशी १ ते ६ अंशांवर, प्लाझ्मा उणे १८ च्या खाली, प्लेटलेट्स २० ते २४. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, त्याचं डोकं कधीच फॅरनहाइटचं झालं. एकाच खिडकीतून बाहेर बघून तो म्हणतो, “आज बरंय, २० आहे,” आणि मी म्हणते, “उणे सात.” दोन्ही पट्ट्या एकाच ठिकाणी जुळतात, उणे ४० ला. उणे ४० फॅरनहाइट म्हणजेच उणे ४० सेल्सियस. जानेवारी २०१९ च्या त्या भयंकर थंडीत आम्ही एकमत होण्याच्या बरेच जवळ आलो होतो. वाऱ्यासकट उणे तिसाच्या खाली गेलं होतं, आणि त्यातच गॅसच्या एका कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली. ३० तारखेच्या रात्री फोन कर्कश ओरडला. गव्हर्नरांच्या कार्यालयाचं आवाहन आलं होतं, घरातला थर्मोस्टॅट ६५ वर आणा. म्हणजे माझे अठरा. मी दोन शाली आणि तीन मोजे घालून बसले होते. नवरा खिडकीशी उभा राहून म्हणाला, “काय शांत झालंय गं बाहेर!”

प्लेटलेट्सचं आणखी एक सांगायचं राहिलं. त्यांना थंडी चालत नाही, आणि स्वस्थ ठेवूनही चालत नाही. बावीस अंशांच्या कपाटात त्या दिवसरात्र हलत्या ट्रेवर झुलत असतात. रिटायर झाल्यावर मला वाटलं, आपल्यालाही आता एवढंच हवंय.

शेवटी तो तयार झाला. एका वाक्यात झाला. डिसेंबरात मी पोळ्या लाटत होते आणि पोळपाटावर माझी तीन बोटं पांढरी पडली. ऊबदार स्वयंपाकघरात, नुसती कणीक फ्रीजमधली गार होती म्हणून. त्याने बघितलं, लाटणं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, “जानेवारीत निघू.” पोळ्या नकाशासारख्या झाल्या, ते सोडा.

मिशिगनमधलं घर सहा आठवडे बंद ठेवणं हे एक शास्त्र आहे. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे. पाणी गोठताना फुगतं, आणि एक पाइप फुटला की परत आल्यावर घरात तळं. हीटर पूर्ण बंद नाही करायचा, ५५ वर ठेवायचा. फ्रीझरमध्ये कपभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फाच्या आत बुडालेलं असेल तर मधे बराच वेळ वीज गेली होती, सगळं फेकून द्यायचं. ही युक्ती मला इतकी आवडली की मी दोन कप ठेवले. नवरा म्हणाला, “ब्लड बँक बंद झाली ना तुझी?”

गाडी भरताना मला मागच्या सीटखाली बर्फ खरवडायचा स्क्रेपर दिसला. लांब दांड्याचा, एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला पातं, मधे मुठीच्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. निदान पंधरा वर्षांचा असेल.

“हा कशाला फ्लोरिडात?”

“टेनेसीपर्यंत लागेल.”

“मग जॉर्जियात टाकून द्यायचा.”

“बरं.”

तो इतक्या सहज ‘बरं’ म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

निघालो तेव्हा गाडीच्या पडद्यावर ९ होतं. माझे उणे १३. मांडीवर गुळपोळ्यांचा डबा, हातात मोजे, मोज्यांच्या आत गरम होणाऱ्या पुड्या. मन्रोजवळ इंटरस्टेट ७५ लागला. तिथून पुढे रस्ता जवळजवळ एकच. उत्तर मिशिगनमध्ये कॅनडाच्या हद्दीवर सुरू होऊन थेट मायामीच्या अंगणात संपणारा, १,७८६ मैलांचा. जानेवारीत दक्षिणेकडच्या लेनमध्ये मिशिगन, ओहायो आणि ओंटारिओच्या नंबरप्लेटांची वारीच असते. प्रत्येक गाडीत पुढे दोन पिकली डोकी आणि मागे छतापर्यंत सामान. यांना इकडे स्नोबर्ड म्हणतात. आजवर मी हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरत होते.

ओहायोचं कौतुक करण्यासारखं मला काही आठवत नाही, भांडण तेवढं आठवतं. रस्त्यावर मीठ टाकलेलं, ट्रकच्या चाकांखालून खारट चिखल उडत होता आणि दहा मिनिटांत काच दुधासारखी पांढरी. नवऱ्याने काच धुवायचं बटण दाबलं. मोटर घुर्रर्र झाली, पाणी आलं नाही. पुन्हा दाबलं. नाही.

“तू नोव्हेंबरात बदललं होतंस ना ते?”

शांतता. ऑगस्टमध्ये भरलेलं उन्हाळी पाणी टाकीत गोठून बसलं होतं. तीस वर्षं गाड्या बनवणाऱ्या माणसाच्या गाडीत! मग प्रत्येक दहा-पंधरा मैलांवर एक्झिट घ्यायची, पेट्रोल पंपावर उतरायचं आणि काच पुसायची. एका पंपावर काच पुसायच्या बादलीतलं पाणीसुद्धा गोठलेलं, दांडा त्यात उभाच्या उभा रोवलेला, झेंड्यासारखा. तिथे मला हसू फुटलं आणि भांडण संपलं. तिसऱ्या थांब्यावर उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं निळं पाणी मिळालं, पण टाकीतला बर्फ वितळल्याशिवाय ते ओतणार कुठे? सिनसिनाटीपर्यंत आम्ही असेच, पुसत पुसत गेलो.

तिथे ओहायो नदीवरचा ब्रेंट स्पेन्स पूल लागतो. दुमजली, १९६३ सालचा. बांधला तेव्हा जेवढ्या गाड्या धरल्या होत्या, त्याच्या साधारण दुप्पट आज त्यावरून जातात. नदी ओलांडली की केंटकी, आणि थोड्याच वेळात पाण्याची एक उंच टाकी. तिच्यावर लिहिलंय ‘फ्लोरेन्स यॉल’. १९७४ मध्ये तिथे ‘फ्लोरेन्स मॉल’ असं रंगवलं होतं, पण मॉल अजून बांधलाच नव्हता आणि नसलेल्या दुकानाची जाहिरात हायवेवर चालत नव्हती. सगळं पुन्हा रंगवायला पैसे कोण घालणार? ‘मॉल’च्या इंग्रजी M चे दोन पाय खोडले, खाली एक दांडी जोडून त्याचा Y केला आणि झालं ‘यॉल’. दक्षिणेकडच्या बोलीत ‘तुम्ही समदी’. पुणेरी काटकसरीला इतकी जवळची गोष्ट मी अमेरिकेत दुसरी पाहिलेली नाही.

मुक्काम लंडनला. केंटकीतलं लंडन. दुपारी ओहायोतलं लायमा, रात्री लंडन, आणि पासपोर्ट पर्समध्येच. पडद्यावर ३४, माझा एक. शून्याच्या वर आलो होतो.

दुसऱ्या दिवशी टेनेसीत डोंगर उतरून नॉक्सव्हिल ओलांडलं. पुढे तासाभराने धुक्याच्या इशाऱ्याचे बोर्ड दिसायला लागले. कॅलहूनजवळ रस्ता हायवासी नदी ओलांडतो. ११ डिसेंबर १९९० च्या सकाळी इथे अचानक दाट धुकं उतरलं आणि ९९ गाड्या एकमेकींवर आदळल्या. १२ माणसं गेली. त्यानंतर या पट्ट्यात धुकं ओळखणारे सेन्सर बसवले, वेगमर्यादा बदलून दाखवणारे बोर्ड लावले. आम्ही गेलो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. तरी नवऱ्याने आपणहून वेग कमी केला, आणि नदी मागे पडेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

थोडं पुढे गेल्यावर हायवे सोडला. हीच हायवासी पश्चिमेला जाऊन टेनेसी नदीला मिळते आणि त्या संगमावर सँडहिल क्रौंच हिवाळ्याला उतरतात. हजारोंनी. त्यातले पुष्कळसे आमच्याच बाजूचे, मोठ्या सरोवरांकडचे. काही इथेच थांबतात, काही आणखी खाली फ्लोरिडात जातात. म्हणजे आमचाच रस्ता, फक्त वरच्या मजल्याने.

दिसण्याआधी ते ऐकू आले. घसा लाकडाचा असता तर असा आवाज निघाला असता, कोरडा, गडगडणारा, आणि खूप लांबून येणारा. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वळसा घालून बसलेली असते, म्हणून हा घुमारा. कापणी झालेल्या मक्याच्या शेतात राखाडी रंगाचे चार-चार फुटी पक्षी उभे होते, कपाळावर तांबडा ठिपका, कुंकू फिस्कटल्यासारखा. पाहायच्या मचाणावर दुर्बीण लावून बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की जोडी मिळून गाते. नर एकदा ओरडला की मादी दोनदा.

नवरा माझ्याकडे बघून काही म्हणाला नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो.

तिथे मात्र मी हातमोजे काढले. पडद्यावर ४६ होतं, माझे आठ, वारा नव्हता आणि ऊन थेट हातांवर. बोटं गुलाबी राहिली. मी ती त्याला दाखवली. त्याने दहाच्या दहा मोजल्यासारखी पाहिली.

अटलांटाविषयी एवढंच, की तिथे आम्ही सहा लेनच्या रस्त्यावर दीड तास उभे होतो आणि गुळपोळ्या संपल्या. त्याच्या खाली गेल्यावर हवा बदलली. ५५, म्हणजे तेरा. गाड्यांच्या टपांवर बर्फ नव्हता, पानं नसलेली झाडं कमी झाली, पाइन वाढले. एका विश्रांतीच्या थांब्यावर मी आठवण करून दिली, “स्क्रेपर.” तो उतरला, मागचं दार उघडून स्क्रेपर घेतला आणि कचऱ्याच्या पिंपाच्या दिशेने गेला. मी बाथरूमला गेले. परत आले तर तो कॉफीचे दोन कप घेऊन उभा, चेहरा स्मशानातून आलेल्या माणसासारखा. मला वाईट वाटलं. माझ्या वाट्याचं बिस्किटही मी त्याला दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फ्लोरिडाची हद्द. तिथल्या स्वागतकेंद्रात येणाऱ्या-जाणाऱ्याला संत्र्याच्या रसाचा छोटा कप फुकट देतात. सगळे पिकल्या डोक्यांचे लोक रांगेत, हातात कागदी कप, तीर्थ घ्यावं तसं. बाहेर ७० होतं. “एकवीस!” मी म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझा आकडा दुरुस्त न करता मान हलवली.

ओकालाला हायवे सोडून आम्ही जंगलातून पूर्वेला गेलो. जंगल संपल्यावर काळ्या जाळीखाली वाढवलेली फर्नची शेतं लागली. पुष्पगुच्छात फुलांमागे जो हिरवा पाला असतो, तो बराचसा या भागातून जातो. मग डीलँड. तिथे एका गल्लीत छोटं घर सहा आठवड्यांसाठी घेतलं होतं.

पहिला आठवडा मी बदलत्या सावलीबरोबर खुर्ची सरकवण्यात घालवला. बोटं एकदाही गेली नाहीत. रोज सकाळी शेजारच्या हिरवळीवरून क्रौंचांची एक जोडी डुलत जायची. फ्लोरिडात त्यांची एक जात बारमाही राहते, कुठे जात-येत नाही. नवरा रोज विचारायचा, “हे इथले की आपल्याकडचे?” मी म्हणायचे, मला काय माहीत. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहायचा.

आणि एका दुपारी मी चहा घेऊन बाहेर आले तर तो अर्ध्या चड्डीत, उन्हात, फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मला वाटलं क्रिकेट. वाकून पाहिलं तर आमच्या मिशिगनच्या घराचा दारावरचा कॅमेरा. तिकडे बर्फ पडत होता. राखाडी उजेडात मोठे मोठे तुकडे, आवाज नाही. ड्राइव्हवेवर कोणाच्याही पावलांचा ठसा नाही. बर्फ काढायला ठरवलेला मुलगा अजून आला नव्हता. नवरा बघत होता, नुसता, गावाकडच्या घराचा जुना फोटो बघावा तसा.

थंडीपासून पळाले होते मी. तो माझ्याबरोबर आला होता. हे ध्यानात यायला मला अकराशे मैल आणि नऊ दिवस लागले.

मी काही बोलले नाही. चहा ठेवला आणि आत जाऊन उगीचच कपाट आवरलं.

डीलँडमध्ये फिरताना आम्हाला लू गिम गाँगची ओळख झाली. चीनमधून लहानपणी अमेरिकेत आलेला हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्सच्या बुटांच्या कारखान्यात कामाला होता. क्षयाने आजारी पडला, तिकडची थंडी झेपेना. ज्या बाईंनी त्याला आधार दिला होता त्यांच्या कुटुंबाची डीलँडला जमीन होती. तो इथे आला आणि संत्र्यांच्या बागेत रमला. मग १८९४-९५ चा हिवाळा आला. डिसेंबरात पहिली लाट आली, मधे थोडी ऊब पडली, झाडं फसली आणि पालवी फुटली. फेब्रुवारीत दुसरी लाट आली तेव्हा रसाने भरलेली खोडं उभी चिरली. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा बसल्या. ज्या हेन्री डीलँडच्या नावाने हे गाव आहे, त्याने जमीन घेणाऱ्यांना पैसे परत करायचा शब्द दिला होता. तो पाळता पाळता त्याचं दिवाळं निघालं आणि तो उत्तरेला परत गेला. लू गिम गाँग राहिला. त्याच्या नावाचं संत्रं कडाक्यात तग धरणारं आणि झाडावर बरेच महिने टिकणारं म्हणून गाजलं. १९११ मध्ये त्याला त्यासाठी वाइल्डर पदक मिळालं. १९२५ मध्ये तो इथेच गेला.

“म्हणजे बघ,” नवरा म्हणाला, “थंडीला कंटाळून आला आणि आयुष्यभर थंडीचाच विचार केला.” हे बोलताना त्याच्या आवाजात मला जरा जास्तच आपुलकी वाटली.

तिसऱ्या आठवड्यात टीव्हीवर गारठ्याचा इशारा आला. रात्री पारा शून्याखाली जाणार. संध्याकाळी आख्खी गल्ली जुन्या चादरी घेऊन बाहेर पडली. जास्वंद, क्रोटन, लिंबाची रोपं, सगळ्यांवर चादरी. फुलाफुलांच्या, पट्ट्यांच्या, एक तर लहान मुलाची, डायनासोरची. अंधार पडल्यावर वाटलं, दारोदार बुरखा घेतलेली माणसं उकिडवी बसली आहेत. फर्नची शेतंवाले मात्र झाकत नाहीत, रात्रभर पाणी फवारतात. पाणी पानांवर गोठतं, आणि गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं. फवारा चालू आहे तोवर बर्फाच्या आतलं पान शून्यावर टिकतं, त्याखाली जात नाही. बर्फाची गोधडी! ब्लड बँकेतल्या माझ्या साहेबांना हे सांगायला हवं होतं.

मी नवऱ्याला म्हणाले, “उद्या पहाटे ब्लू स्प्रिंगला जाऊ.”

“उद्या? ३१ असेल.”

“म्हणूनच.”

ब्लू स्प्रिंग डीलँडपासून जवळच आहे, ऑरेंज सिटीला. जमिनीतून येणारा झरा, त्याचं पाणी वर्षभर ७२-७३ फॅरनहाइट. बावीस अंश. हा झरा सेंट जॉन्स नदीला मिळतो. मॅनटी, म्हणजे ते अवाढव्य पाणगाईसारखे प्राणी, अंगाने सरासरी साडेचारशे किलो, पण कातडीखाली चरबी बेताची. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की त्यांना सोसत नाही. म्हणून नदी गारठली की ते झऱ्यात शिरतात. जितका कडाका जास्त, तितके मॅनटी जास्त. थंडीपासून सुटायला इथे आलेली मी, आठवडाभर देवाकडे थंड सकाळ मागत होते.

पहाटे सहाला मी टोपी, मफलर, दोन मोजे चढवून बाहेर आले तर गाडीच्या काचांवर दव गोठून पांढरं झालेलं. आणि नवरा काच खरवडत होता. खर्र, खर्र, वरून खाली, कडेपासून मधे, त्याची ती नेहमीची पद्धत. तोंडातून वाफ येत होती आणि तो शीळ घालत होता. हातात काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, लांब दांड्याचा स्क्रेपर.

मी पायरीवर उभी राहिले.

“जॉर्जियात टाकला होतास ना?”

“टाकणार होतो,” तो म्हणाला. त्याने काचेचा कोपरा पूर्ण केला. “पिंपापर्यंत गेलो होतो.”

माझ्या वाट्याचं ते बिस्किट मला आठवलं.

ब्लू स्प्रिंगला दार उघडायच्या आधीच गाड्यांची रांग होती. पाण्यावर वाफ तरंगत होती, पहाटेच्या बंबासारखी. लाकडी पायवाटेच्या कठड्याला टेकून खाली पाहिलं तर आधी नुसते तळाचे दगड वाटले. मग एक दगड हलला. मग सगळेच. नितळ पाण्यात एकमेकांना खेटून, करड्या पोत्यांसारखे, शेकड्यांनी. मधेच एक नाकपुडी वर यायची, फुस्स करून श्वास सोडायची आणि पुन्हा खाली. बहुतेकांच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे वळ. एकसारखे, ओळीने, शिवणीच्या टाक्यांसारखे. अभ्यासक त्या वळांवरूनच एकेकाला ओळखतात. १९७० मध्ये इथे मोजणी सुरू झाली तेव्हा अवघे १४ मॅनटी होते. जानेवारी २०२४ मध्ये एका दिवसात ९३२ मोजले गेले. झऱ्यात त्यांना खायला फारसं काही मिळत नाही. पोटासाठी गार नदीत जायचं आणि ऊब घ्यायला परत यायचं, असा त्यांचा हिवाळा.

एक पिल्लू आईच्या कुशीजवळून निघून कोवळ्या उन्हाच्या कवडशापर्यंत आलं आणि उताणं झालं. नवरा मोजत होता. एकशे चाळीसला चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

आईंना फोन लावला. व्हिडिओवर त्यांना पाणी दाखवलं, वाफ दाखवली. “ही नदी कुठली?” त्यांनी विचारलं. सेंट जॉन्स, मी म्हणाले. आणि मग एक गोष्ट आठवली, जी मी त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. “आई, ही दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. उत्तरवाहिनी आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. “काशीसारखी?”

“हो.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाल्या. “पण त्याला म्हणावं, कान झाक. टोपी का नाही घातलीय त्याने?”

त्याने टोपी घातली नव्हती, मोजेही नव्हते. माझी उजव्या हाताची दोन बोटं एव्हाना पांढरी पडली होती. मी ती खिशात घातली, तेवढ्याने येतील हे आता माहीत झालंय. उन्हं वर आली तशी वाफ विरली, काही मॅनटी नदीकडे निघाले. आम्हीही गाडीपाशी आलो. स्क्रेपर पुढच्या सीटवर पडला होता. त्याने तो उचलला, पात्यावरचं पाणी पँटीला पुसलं आणि मागच्या सीटखाली सरकवून ठेवला. या वेळी माझ्यादेखत.